हवालदार, झेंडे मी काढले होते

हवालदार, तुम्ही दोनदा गेलात. लोकांना एकदाचंच माहिती आहे. दुसऱ्यांदा गेलात तेव्हा मी सगळ्यांसोबत रडलो, फुलं वाहिली, तुमच्या विक्रमच्या पाठीवरून हात फिरवला. पहिल्यांदा गेलात तेव्हा मी कांदा चिरत होतो.

विक्रम म्हणाला, काका, तेराव्याला सगळे बाबांबद्दल दोन शब्द लिहून आणणार आहेत, तुम्ही पण लिहा. मी म्हटलं, अरे, मी चौथी पास, आणि पास तरी का झालो, तर मास्तरांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव माझ्या बापाने घातला होता. मग आमच्या पल्लवीने, सूनबाईने, फोनमध्ये काहीतरी करून दिलं. मी बोलतो आणि फोन लिहितो. अधूनमधून फोन माझ्यापेक्षा जास्त शहाणपणा करतो, तेवढं चालवून घ्या.

आपली ओळख तळ्याकाठी झाली. अमेरिकेत, मॉरिसव्हिलला येऊन मला पंधरा दिवस झाले होते आणि पंधरा दिवस मी फक्त घाबरायचं काम केलं होतं. एअरपोर्टवर साहेबाने काहीतरी विचारलं, मी हात जोडले. घरात मिरचीची फोडणी टाकली तर छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलला, मी गॅस तसाच ठेवून बाहेर पळालो. पल्लवी आत मीटिंगमध्ये होती, तिला हाक सुद्धा मारली नाही. नितीनने, माझ्या पोराने, पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं, बाबा, इथं कोणाच्या अंगणात पाय टाकायचा नाही, कोणाच्या वस्तूला हात लावायचा नाही, लोकांकडे बंदुका असतात. म्हणाला, माझं ग्रीन कार्ड अजून लायनीत आहे, एक भानगड झाली की आपण सगळे बॅगा भरून बारामतीला.

म्हणून मी तळ्याला चक्कर मारताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून चालायचो, चुकून कशाला लागायला नकोत. तुम्ही समोरून आलात, छाती काढून, बूट आपटत. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "काय हो, कैदी आहात का?"

पंधरा दिवसांत कोणी असं मोकळं बोललं नव्हतं. मला रडायलाच आलं. तुम्हाला वाटलं असेल, बरं ध्यान भेटलंय.

पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच वळणावर उभे होतात. मला नावाने कधी हाक मारली नाहीत, मांडववालेच म्हणायचात. मी पण तुम्हाला हवालदार, फौजेत तेच होतात म्हणून. बडबड माझी, ऐकणं तुमचं. मांडव कोसळून नवरदेव कसा खाली अडकला होता आणि पहिला पळणारा मी कसा होतो, ते तुम्हाला चार वेळा सांगितलं, चारही वेळा शेवटी विचारलंत, "मग नवरदेवाचं काय झालं?" मला ते कधी माहितीच नव्हतं. मी पळालो होतो ना. एकदा मी चिडवायला विचारलं, हवालदार, तुम्ही खरंच लढलात का, का सगळी नोकरी बटाटे सोलण्यात गेली? म्हणालात, "बटाटे पण सोललेत." झालं. तुमच्या सगळ्या नोकरीची मला तेवढीच कथा मिळाली.

मे महिना संपत आला तसे गावात सगळीकडे झेंडे लागले. आमच्या घरी त्या सोमवारच्या सुट्टीची ओळख गादीच्या सेलवरून झाली. नितीनने नवी गादी घेतली, पल्लवीने शेगडीवर भाजायला कणसं आणि पनीर आणलं, लाँग वीकेंड, लाँग वीकेंड चाललं होतं. मी समजलो यांची दिवाळी असेल. तुम्ही सांगितलंत, नाही हो, हा त्यांच्या मेलेल्या शिपायांचा दिवस आहे. जे परत आले त्यांचा वेगळा, नोव्हेंबरात. हा जे आले नाहीत त्यांचा. मी म्हटलं, मग गादी कशाला? 

आता ते रविवारचं. विक्रम, तू हे वाचत असशील तर इथून नीट वाच बाबा.

तळ्याच्या पलीकडे पाइनची झाडं आहेत, आणि झाडांच्या पलीकडे ते जुनं, छोटं चर्च. त्याच्या मागे कबरी. शनिवारी लोकांनी तिथे काही काही कबरींपुढे वीतभर काठीचे झेंडे लावले होते. सगळ्यांपुढे नाही, शिपायांपुढेच. तुम्ही दगडावरची अक्षरं एक एक करून वाचलीत. एका दगडापाशी जरा जास्त थांबलात, एकोणीस वर्षांचा होता म्हणालात. मी फाटकाबाहेरच उभा होतो, मला कबरींची भीती वाटते.

रविवारी संध्याकाळी परत गेलो तर ऊन उतरलं होतं आणि ढग दाटून आले होते. तुमची घालमेल सुरू झाली. दिवस मावळला की झेंडा उतरवायचा हा फौजेचा कायदा, वर पाऊस येतोय, असे चिखलात लोळणार का? मी म्हटलं, त्यांचे झेंडे, त्यांचा चिखल, मेलेल्याला काय कळतंय कापड भिजलं का सुकं राहिलं? तुम्ही वळून बघितलंत. मग म्हणालात, "ज्याचं गेलंय त्याला विचारा." चर्चचं दार वाजवून आलात, कुलूप होतं. रस्त्यावर जाऊन उभे राहिलात, कोणी दिसेल त्याला सांगू म्हणून. तुम्ही फक्त सांगणार होतात हवालदार. तुम्ही एका काठीला हात लावला नव्हता.

हात मी लावला. साठीपर्यंत मी एकच काम केलंय, कार्यक्रम झाला की उतरवायचं. पाऊस येण्याआधी कनात, झालर, पताका खाली आल्याच पाहिजेत, नाहीतर मालक शिव्या घालतो. त्यात तुमच्यापुढे मला कधी काही करून दाखवता आलं नव्हतं. तुम्ही रस्त्यावरून वळेपर्यंत मी आत शिरलो होतो. कबरींची भीती कुठे गेली देव जाणे. भराभरा उपटले, दहा दहाची जुडी, खिशात बारामतीहून आणलेली सुतळी होतीच. चार जुड्या आणि वर तीन. तुम्ही आलात तोवर मैदान साफ. मी शाबासकीसाठी उभा.

तुम्ही म्हणालात, मांडववाले, हे काय केलंत?

मी म्हटलं, ह्यात काय, उद्या सूर्य उगवला की परत लावू, तुमच्या कायद्याने.  मग पाऊस पडायला लागला आणि तुम्ही एकदम झेंड्यांवर तुमचं जाकीट टाकलंत. परत लावायचे तरी कसे, कुठला कुठून काढला मला आठवत होतं थोडंच. म्हणालात, सकाळी सहा. मी झेंडे आमच्या गॅरेजमध्ये दोरी बांधून वाळत घातले. नितीन तिकडे फिरकत नाही.

सहाला पाऊस थांबलेला नव्हता. साडेसातला थांबला. तोवर पल्लवीने चहा पिता पिता फोन वाचून दाखवला. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे भडकले होते. आमच्या शहीद पोरांच्या कबरींवरचे झेंडे कोणी चोरले, दहा वाजता कार्यक्रम आहे, पोलीस आलेत, कॅमेरे बघतायत. नितीन म्हणाला, असल्या लोकांना पकडून पहिल्या विमानाने पाठवलं पाहिजे. त्याला काय माहिती, तो माणूस समोर बसून खारी बुडवतोय. माझी खारी कपात पडली. 

मी गॅरेजमधून झेंडे पिशवीत भरले आणि तुमच्या दारात आलो. काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल, पण मला एकदा सगळ्यांसमोर बोलू द्या. मी म्हणालो, हवालदार, तुम्हाला इंग्रजी येतं, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो.

तुम्ही पिशवी घेतलीत. टोपी नीट केलीत आणि निघालात. मी मागून आलो, हे खरं. पण झाडांपर्यंतच.

तिथून मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं, आणि आलं असतं तरी कळलं नसतं. पोलिसाची गाडी. सूट घातलेली माणसं, फुलं घेतलेल्या बायका. खांबावरचा मोठा झेंडा अर्ध्यावर उतरवलेला. मला वाटलं आपल्यामुळे उतरवलाय. एवढा मोठा गुन्हा झाला की देशाचा झेंडा खाली आणावा लागला, असंच मला वाटलं, माझ्या डोक्याची झेप तेवढीच. त्या दिवशी दुपारपर्यंत तो अर्ध्यावरच असतो, हे नितीनने नंतर सांगितलं. तुम्ही सरळ चालत त्या पोलिसासमोर गेलात, पिशवी खाली ठेवलीत आणि सावधान उभे राहिलात. त्याचा हात कमरेच्या पट्ट्याशी होता. एक पांढऱ्या केसांची बाई पुढे आली. तुम्ही बोलत होतात.  मी स्वतःला सांगितलं, दहा मोजायचे आणि पुढे जायचं. दहा झाले. म्हटलं वीस. मी जुड्या मोजणारा माणूस, शंभरापर्यंत गेलो.

मग काही म्हातारे टोपीवाले एका रांगेत आले, त्यांच्या हातात बंदुका होत्या, आणि मी काय बघतोय ते कळायच्या आत त्या वाजल्या. एकदम सगळ्या. परत. आणि परत.

हवालदार, मला वाटलं तुम्हाला मारलं. हसायचं असेल तर हसा, विक्रम तू पण हस. शिपायांना सलामी म्हणून तीनदा हवेत उडवतात, हे आता मला माहिती आहे. तेव्हा नितीनचं एकच वाक्य डोक्यात होतं, लोकांकडे बंदुका असतात. मी पळालो. तळ्याला वळसा घालून, लोकांच्या अंगणांतून, ज्या अंगणांत पाय टाकायचा नव्हता त्या सगळ्या अंगणांतून.

घरी आलो. पल्लवी म्हणाली, बाबा, बरे आलात, कांदा चिरून देता का?

आणि मी चिरला. तुम्ही मेलात असं मला दुपारी तीनपर्यंत वाटत होतं. नितीनला सांगितलं नाही. विक्रमला फोन केला नाही. पोलीस येईल, दुसरा कुठाय विचारेल, पोराचं कार्ड जाईल, एवढंच डोक्यात फिरत होतं. पातेलंभर कांदा चिरला. नितीन हसत म्हणाला, बाबा, इथला कांदा एवढा झोंबतो का? मग जेवायला बसवलं. कणीस खाल्लं मी, हवालदार. तुम्ही मेलेले, आणि मी कणसाला तिखटमीठ लावून मागितलं.

तीनला बेल वाजली. मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. पल्लवीने दार उघडलं आणि तुमचा आवाज आला, मांडववाले आहेत का?

मी बाहेर आलो तर तुम्ही उभे, पँटच्या गुडघ्यांना लाल माती. वाकून वाकून झेंडे लावले असणार. म्हणालात, सगळे लागले, त्या बाईला पाठ आहे कुठला कुठे. पोलिसाने नाव लिहून घेतलं आणि सोडलं. आणि मी काय विचारलं? तुम्ही जिवंत समोर उभे, आणि माझं पहिलं वाक्य, "माझं नाव?"

"तुमचं कशाला," म्हणालात. "मी एकटा होतो."

त्यानंतर आपण या विषयावर बोललो नाही. पण विक्रमला पोलिसाचा फोन गेला होता. तो घाबरला, त्याचंही कार्ड लायनीत. तुम्हाला खूप बोलला. त्याला वाटलं वयाने बाबांचं डोकं सरकायला लागलंय, नाहीतर शिस्तीचा माणूस कबरींवरचे झेंडे उपटेल कसा? डॉक्टरकडे नेलं. तिथे डोकं तपासायला तुम्हाला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. तुम्ही मला सांगितलंत, साडेतीन वाजवून दिले, काटे सरळ आले. मी हसलो. घरी जाऊन हसू आलं नाही.

मग विक्रम माझ्याकडे आला. काका, म्हणाला, त्यांना एकटं सोडू नका, तुम्ही सोबत असलात की मला काळजी नसते. हे मला. तुम्ही मागे उभे राहून ऐकत होतात आणि तळ्याकडे बघत होतात.

तीन आठवडे आपण रोज चाललो. रोज घरून ठरवून निघायचो, आज विक्रमला सांगायचं, निदान हवालदारांची माफी मागायची. तोंड उघडायचो आणि नवरदेवाची गोष्ट बाहेर पडायची. तुमचं पोरगं तुम्हाला खुळं समजत होतं, ते माझ्यामुळे, आणि तुम्ही विचारायचात, मग त्याचं काय झालं? मला सगळ्यात जास्त एकाच गोष्टीची धास्ती होती. त्या झाडांत तुम्ही मला बघितलं होतं का? बघितलं असेल तर पळताना पण बघितलं असेल. विचारायची हिंमत झाली नाही. उद्या विचारू म्हणत राहिलो, आणि त्या गुरुवारी तुमचा चहा निम्मा राहिला, तुम्ही गेलात.

इथल्या फ्युनरल होममध्ये, म्हणजे मयताला शेवटचं बघायला ठेवतात तिथे, गालिचा असतो, एसी असतो, दर दोन खुर्च्यांमध्ये कागदी रुमालांचा डबा असतो. मला वाटलं चुकून बँकेत आलो. तुम्ही कोट घालून झोपला होतात. मी कोपरा धरून उभा होतो, तेवढ्यात ती पांढऱ्या केसांची बाई आत आली. मिस रूथ म्हणतात तिला, त्या कबरींची देखभाल करते. एकोणीस वर्षांचा तो मुलगा तिचा भाऊ. ती विक्रमशी बोलायला लागली. मला वाटलं, आली. सगळं उघड करायला आली. पल्लवीच्या मागे लपायला बघितलं, पण ती बारीक आहे.

विक्रम तिचा हात धरून इंग्रजीत माफी मागत होता. त्यातला एक शब्द मला कळला, कारण माझ्याबद्दल तो घरात रोज वापरला जातो. कन्फ्यूज. बाबा शेवटी जरा कन्फ्यूज होते, असं सांगत होता. तुम्ही तिथेच दोन हात अंतरावर झोपलेले, कोट घालून, काही बोलू न शकणारे.

मी म्हणालो, "विक्रम, बाबांचं डोकं ठिकाणावर होतं. झेंडे मी काढले."

पल्लवीने माझं कोपर धरलं. बाबा, नंतर बोलू, म्हणाली, हळू, पण नख लागलं. नितीनचा चेहरा पांढरा पडला.  पण थांबलो असतो तर परत नवरदेवाची गोष्ट सुरू झाली असती. मी त्या बाईपुढे गेलो. इंग्रजी माझ्याकडे चार शब्द. छातीवर हात आपटला. "मी. फ्लॅग, मी." तुमच्याकडे बोट केलं, मान हलवली, "ही नो." मग दोन बोटं वर केली, म्हणजे आम्ही दोघं होतो. "टू."

 ती विक्रमशी बोलायला लागली, बराच वेळ. विक्रम ऐकता ऐकता खाली बसला. मी विचारलं, काय म्हणते, पोलीस बोलावते का? 

"काका," तो म्हणाला, "ती म्हणते, बंदुका वाजल्या तेव्हा बाबा एकदम झाडांकडे वळले आणि हात हलवायला लागले. असा, वर करून, घाबरू नका सांगतात तसा. हिने विचारलं, तिकडे कोण आहे? बाबा म्हणाले, कोणी नाही. आणि हलवतच राहिले."

आज हे सगळं फोनला सांगतोय तेव्हा नितीन माझ्याशी बोलत नाहीये. वकिलाला मेल केलीय म्हणतो, बघू. तेव्हापासून बेल वाजली की मी आधी बाथरूम गाठतो, मघाशी वाजली तर भाजी आली होती. विक्रम मात्र रोज संध्याकाळी येतो, दहा मिनिटं बसतो. बाबांनी आणखी काय काय सांगितलं विचारतो. मी सांगतो, बटाटे सोलले.

हवालदार, तुम्ही हात हलवत होतात तेव्हा मी पाठमोरा होतो, लोकांच्या अंगणांतून धावत. काही झालं नाही मला. घरी नीट पोचलो होतो. आता हात खाली घ्या.